बारा रंगांचं पॅनल आणि शांत पेशी

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. तरी अक्षर नीट काढतोय, कारण मोठ्या शोधांच्या वेळच्या वह्या पुढे काचेच्या कपाटात ठेवतात असं ऐकून आहे.

सकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. पाचव्या मजल्यावरच्या ट्रान्सप्लांट वॉर्डच्या डॉक्टरबाईही बसल्या होत्या. काम असं: बोनमॅरो बदललेल्या पाच पेशंटचं रक्त आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येणार. बाहेरून आलेल्या मॅरोतल्या पेशी कधीकधी पेशंटच्याच अंगावर धावून जातात. त्यांना आवर घालणारी एक पेशी असते. डॉक्टरबाई तिला सरळ 'शांत पेशी' म्हणतात. त्या वाढत असतील तर पेशंटच्या जड गोळ्या कमी करता येतील का, हे त्यांना बघायचंय. पेशी मोजायच्या आम्ही. म्हणजे मी.

मॅडम म्हणाल्या, सहा रंगांचं साधं पॅनल करा. पॅनल म्हणजे पेशी ओळखायच्या रंगांचा संच. मी म्हटलं, बघतो. मनात म्हटलं, बारा.

आमच्या फ्लो सायटोमीटरला, म्हणजे पेशी मोजणाऱ्या मशीनला, बारा डिटेक्टर आहेत, एका रंगाला एक. त्यातले सहाच वापरायचे म्हणजे बारा खुर्च्यांच्या टेबलावर सहा पाहुणे बोलवायचे आणि उरलेल्या खुर्च्या पुसत बसायचं.

३ मार्च, मंगळवार

लेकीला काम समजावून सांगितलं. रक्तातल्या पेशी दिसायला सारख्याच, पण प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या खुणा असतात. एकेका खुणेलाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी बाटलीत मिळते, आणि तिच्या शेपटीला रंग बांधलेला असतो. मग पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात, रंग चमकतो, मशीन मोजतं. कुठल्या खुणेला कुठला रंग द्यायचा, ही खरी कला.

लेक म्हणाली, म्हणजे शाळेच्या ट्रिपला प्रत्येक वर्गाला वेगळ्या रंगाची टोपी देतात तसं.

मी म्हटलं, इतकं सोपं नसतं ते. तर म्हणे, मग अवघड काय आहे त्यात? मी म्हटलं, मोठी झालीस की कळेल. ती एकवीस वर्षांची आहे. उठून गेली. बहुधा विचार करायला.

५ मार्च, गुरुवार

पॅनल तयार! पुठ्ठ्यावर स्केचपेनने तक्ता काढला. बारा खुणा, बारा रंग. काही रंगांचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, त्यांच्यासाठी तपकिरी पेन वापरलं.

नियम मला पाठ आहेत. जी खूण पेशीवर भरपूर असते तिला मंद रंग द्यायचा. जी दुर्मीळ, तिला भडक. एका रंगाचा उजेड शेजारच्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये सांडतो, तेवढा मशीनला सांगून वजा करायचा. एकोणीस वर्षं हेच करतोय. त्यातली अकरा वर्षं चार रंगांच्या मशीनवर गेली, पण तत्त्व तेच.

तंत्रज्ञ तक्ता बघायला आली. हिला मी मनातल्या मनात कंट्रोलबाई म्हणतो, कारण तीन वर्षांत तिच्या तोंडून मी दुसरं वाक्य ऐकलेलं नाही. सर, कंट्रोल कुठाय? कंट्रोल म्हणजे तुलनेची ट्यूब. एकच रंग घातलेली, किंवा एक सोडून सगळे घातलेली, किंवा धडधाकट माणसाच्या रक्ताची. ज्यांना स्वतःवर भरवसा नसतो त्यांच्या सोयीसाठी.

आज मात्र ती दुसरं बोलली. शांत पेशीवर दोन खुणा बघायच्या आहेत. एक दुर्मीळ, तिला मी एपीसी हा झगझगीत लाल रंग दिलाय. दुसरी भरपूर, तिला दिलाय एपीसी-साय-सेव्हन. हा जोडरंग. म्हणजे तोच लाल, पण त्याच्या गळ्यात दुसरा रंग बांधलेला. लाल रंगाने लेसरचा उजेड झेलायचा आणि मुकाट्याने दुसऱ्याच्या हातात द्यायचा, चमकायचं दुसऱ्याने. कंट्रोलबाई म्हणाली, "सर, उजेडाने नाहीतर उबेने ही जोडी तुटली, तर लाल एकटाच चमकायला लागेल. मशीनला वाटेल दुर्मीळ खूण सापडली. एकाच पेशीवर हे दोन रंग नकोत."

मी म्हटलं, "जोडी तुटायला ती काय नवीन लग्नाची आहे?"

ती हसली नाही. विनोदबुद्धीचं कंट्रोल नाही तिच्याकडे.

६ मार्च, शुक्रवार

घरी हिला तक्ता दाखवला. बायको म्हणाली, छान दिसतोय, हॉलमध्ये लावू या का. म्हटलं ना, कला आहे.

९ मार्च, सोमवार

आज वेळेच्या नियोजनाचा नमुना घालून दिला. बाराही अँटिबॉडी प्रत्येक वेळी मोजून घालण्यात दीड तास जातो. मी महिनाभराचं मिश्रण एकदाच करून टाकलं. एक ट्यूब, एक थेंब, काम खलास. प्रत्येक अँटिबॉडी किती घालावी हे आधी थोडं-थोडं घालून तपासायचं असतं. बाटलीवर लिहिलंय तेवढं घातलं. लिहिणाऱ्याला अक्कल असेलच ना.

फ्रिज कॉरिडॉरच्या पार टोकाला. माझा गुडघा बघता ट्यूब माझ्या टेबलावर, खिडकीशेजारी, बर्फाच्या डब्यात ठेवली. बर्फ दुपारपर्यंत टिकतो. नंतर पाणीही गारच असतं.

कंट्रोलबाईने येऊन ट्यूबला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली. ती गेल्यावर मी काढली. आत किती उरलंय ते दिसायला नको?

संकल्प: उद्यापासून जिन्याने ये-जा. गुडघ्याला चांगलं.

१२ मार्च, गुरुवार

नमुने आणणारा माणूस रजेवर, म्हणून वॉर्डात स्वतः गेलो. लिफ्टने. मास्क, टोपी, हात तीनदा धुवायचे.

पाचांपैकी एक बाई शिवणकाम करणाऱ्या. पन्नाशीच्या असाव्यात, डोक्यावर केस नाहीत, त्यावर स्वतः शिवलेली टोपी. कडेला दुहेरी शिलाई, असं त्यांनीच दाखवलं. मला डॉक्टर समजल्या. गडबडीत दुरुस्ती करायची राहून गेली.

त्यांचे हात थरथरत होते. गोळ्यांनी होतं म्हणाल्या. "सुई ओवता येत नाही हो डॉक्टर. तशी इथे सुई द्यायचेही नाहीत म्हणा. पण घरी गेल्यावर तरी?"

मी म्हटलं, आम्ही खाली त्याच्याच मागे आहोत. एकदम बारा रंग लावलेत.

"बारा?" त्या म्हणाल्या. "मी तर एका झग्याला तीनच्या वर दोरे लावत नाही. गोंधळ होतो."

लोकांना वाटतं सगळी कामं सारखीच.

पहिली मोजणी: शिवणकामवाल्या बाई, शांत पेशी ६ टक्के. ठाकठीक. मशीनवर बारा रंगांचे ठिपके असे पसरले होते की बघत राहावं. काय कुठे आहे ते नीट कळलं नाही, पण भरगच्च वाटलं.

१६ मार्च, सोमवार

११ टक्के!

पुन्हा मोजलं. ११ च.

१९ मार्च, गुरुवार

१९ टक्के. आठवड्यात तिप्पट. नुसत्या त्याच नाहीत, पाचही पेशंटमध्ये शांत पेशी वाढताहेत. एकही मागे राहिलेला नाही. निकालांमध्ये अशी एकी मी आजवर पाहिली नव्हती.

कंट्रोलबाई म्हणाली, "सगळे एकदम आणि सारखेच कसे वाढतील सर? एकाची तब्येत बरी, एकाला ताप, एकाचं ट्रान्सप्लांट आता कुठे झालंय." मी म्हटलं, हाच तर शोध आहे. म्हणाली, एकदा धडधाकट माणसाचं रक्त लावून बघू. मी म्हटलं, जो आजारी नाही त्याला कशाला सुई टोचायची?

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला पटलं असावं.

२० मार्च, शुक्रवार

मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी पाचही रेषांवरून पेन फिरवलं. मग म्हणाल्या, घाई नको, पुन्हा करून बघा. मोठ्या गोष्टी समोर आल्या की वरिष्ठ असेच जपून बोलतात.

डॉक्टरबाईंचा फोन आला. मीच केला होता, पण त्यांनी उचलला. आकडा त्यांनी दोनदा विचारला. मग म्हणाल्या, "असं असेल तर फार चांगलं आहे हो. त्या शिवणकामवाल्या बाईंची गोळी तरी उतरवता येईल. मूत्रपिंडालाही त्रास होतोय त्यांच्या. खात्री आहे ना तुमची?"

मी म्हटलं, शंभर टक्के. टक्क्यांचाच धंदा आहे आपला.

२२ मार्च, रविवार

परिषदेसाठी भाषणाची तयारी. परिषद अजून ठरलेली नाही. बायकोला आणि लेकीला सोफ्यावर बसवून पंचवीस मिनिटं बोललो. भिंतीवर लेसर पॉइंटर फिरवला. शेजाऱ्यांची मांजर खिडकीतून आत आली आणि त्या ठिपक्यावर झेपावत राहिली, त्यामुळे मधला भाग नीट पोहोचला नाही.

प्रश्न विचारा म्हटलं. बायको म्हणाली, "अहो, हे चुकलेलं असेल तर कसं कळणार?"

मी म्हटलं, चुकलेलं नाहीये. ती म्हणाली, हो, पण असतं तर?

घरच्यांना विज्ञानाची सवय नसते.

२३ मार्च, सोमवार

२७ टक्के. डॉक्टरबाईंनी ठरवलं: गुरुवारी रक्त बघायचं आणि आकडा असाच असला तर शुक्रवारी सकाळपासून शिवणकामवाल्या बाईंची गोळी निम्मी.

वॉर्डात स्वतः जाऊन अभिनंदन करून आलो. बाईंना कळलेलं होतं. सुनेला फोन लावून सांगत होत्या, माझ्या मशीनला तेल घालून ठेव, पट्टा सैल झालाय तोही बदलून घे. मला बघून फोन बाजूला धरला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या हाताला यश आहे."

मी मान खाली घातली. मास्कमुळे चेहरा दिसत नाही, पण विनम्र होता.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी १०.४०

आज कंट्रोलबाईने हद्द केली. मी चहा पीत होतो. सिरिंज घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बाही वर करा. तुम्ही धडधाकट आहात ना?"

नाही कसं म्हणणार? मॅडम दारात उभ्या होत्या.

११.२०

माझ्या रक्तात शांत पेशी ३८ टक्के. पेशंटपेक्षाही जास्त.

मी क्षणात खुलासा दिला. काही माणसं मुळातच शांत असतात. यावरून नवीन अभ्यास निघू शकतो. कंट्रोलबाई म्हणाली, "सर, काल प्रिंटर अडकला तेव्हा तुम्ही त्याला लाथ मारलीत."

१२.०५

मग तिने प्लॅस्टिकचे मणी घेतले. मशीन जुळवण्यासाठी असतात, पेशीएवढे, अँटिबॉडी चिकटवून घेणारे. त्यांना तिने फक्त जोडरंगाची अँटिबॉडी लावली. दोन ट्यूब. पहिलीत फ्रिजमधल्या बाटलीतली. दुसरीत त्याच बाटलीतली, पण माझ्या मिश्रणाच्या दिवशीच काढून तिने माझ्या खिडकीत ठेवलेली. ही ट्यूब सतरा दिवस माझ्या नाकासमोर होती. मला वाटलं पाणी आहे.

पहिली ट्यूब: मणी एका जागी, जिथे असायला हवेत तिथे.

दुसरी ट्यूब: मणी जोडरंगातही चमकताहेत आणि लाल रंगातही. लाल त्यात घातलेलाच नव्हता.

म्हणजे जोडी तुटली होती. रोज थोडी थोडी, खिडकीतल्या उन्हात. जितकी तुटत गेली तितकी मला शांतता सापडत गेली. माझ्या हिशेबाने आता प्लॅस्टिकही शांत झालं होतं.

कंट्रोलबाईने ताज्या रंगांनी माझं रक्त पुन्हा लावलं. ५ टक्के. मग शिवणकामवाल्या बाईंचं आजचं. ६ टक्के.

सहा. पहिल्या दिवशी होतं तेच.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "वर कोण सांगतंय?" मी म्हटलं, मी सांगतो. इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

१२.३०

सांगण्याआधी मुद्दे काढून घ्यावेत. १. रंग बनवणाऱ्यांनी बाटलीवर पुरेशी सूचना दिली नव्हती. बाटली पाहिली. सूचना आहे. ठळक आहे. २. खिडकी चुकीच्या दिशेला आहे. ३. 'चूक' हा शब्द टाळून 'सुधारित विश्लेषण' म्हणता येईल.

१.१५

जेवणाची वेळ. कुणालाही जेवणाच्या वेळी वाईट बातमी देऊ नये.

२.००

मी जेवलो. त्या जेवल्या असतील का?

२.२५

जिन्याने निघालो. तिसऱ्या मजल्यावर आठवलं, मण्यांचा आलेख खालीच राहिला. परत आलो. आलेख खिशातच होता.

२.५०

कंट्रोलबाई म्हणाली, "सर, वॉर्डातली उद्याच्या औषधांची यादी चारला फार्मसीत जाते." बाकी काही नाही. मला वाटतं, इतक्या हळू आवाजात ती आजवर बोलली नव्हती.

संध्याकाळी ७.००, घरी

नीट लिहून ठेवतो.

वर गेलो. डॉक्टरबाई नर्सेसच्या टेबलाशी उभ्या राहून यादीच लिहीत होत्या. मी म्हटलं, थोडं सुधारित विश्लेषण आहे. त्या म्हणाल्या, "वाढल्या का आणखी?" आणि माझ्याकडे इतक्या आशेने बघितलं की तोंडात तयार ठेवलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक.

म्हटलं, "नाही वाढल्या. कधीच वाढल्या नव्हत्या. माझा रंग बिघडला होता. मी तो उन्हात ठेवला. तुलनेच्या ट्यूब लावल्या नाहीत. मला दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मोजून पाहिलं तर सहा वाक्यं. पंचवीस मिनिटांच्या भाषणापेक्षा अवघड गेली.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी यादी ओढली, एक ओळ खोडली, वर पूर्वीचाच डोस लिहिला, सही केली. पेनचं टोक कागदात रुतलं होतं. मग म्हणाल्या, "निम्मी केली असती आणि अंगावर उलटलं असतं, तर पहिल्यांदा त्वचा सोलवटते. मग आतडी. माहितीये ना?"

मला माहीत होतं. एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. वाचलेलं.

"चला," त्या म्हणाल्या, "तुम्हीही या. मी एकटी नाही सांगणार."

हात तीनदा धुतले. चौथ्यांदाही धुवायला लागलो तेव्हा डॉक्टरबाईंनी नळ बंद केला.

शिवणकामवाल्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी तूर्त आहे तेवढीच ठेवावी लागेल. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "माझी मोजणी चुकली होती. आणि मी डॉक्टर नाही. त्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"मग कोण आहात?"

"खाली मशीन चालवतो."

त्यांनी पांघरूण सारखं केलं. पांघरुणावर हात होते, ते थरथरत होते. एक हात दुसऱ्याने धरून ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे कमी झाल्या असं नाही ना? होत्या तेवढ्याच आहेत?"

"तेवढ्याच."

"आणि गोळी कमी केली असती तर?"

मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "महागात पडलं असतं."

"मग बरं झालं की वेळेवर आलात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बरं झाल्यासारखा नव्हता. "सुनेला फोन करायला हवा. तेल घातलं असेल तिने, ते एक वाया नाही जात. पट्टा मात्र तिला थांब म्हणून सांगते."

निघताना मला थांबवलं. "हा कोट कुणाचा घातलाय?"

म्हटलं, माझाच आहे.

"नाही. खांद्याची शिवण बघा कुठे उतरलीये. एक माप मोठा आहे तुम्हाला." आणि डोळे मिटून घेतले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. माझ्यातर्फे चार सबबी घालून सुरुवात केली होती, अर्ध्यात त्या गळून पडल्या. तिने मागचा प्रश्न पुन्हा काढला नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात ही पहिली वेळ. पानात जास्तीचं वाढलं. म्हणजे अवस्था वाईट दिसत असणार.

२७ मार्च, शुक्रवार

आज खोकला आहे असं वाटून रजा घ्यावी असं ठरत होतं. लेक म्हणाली, "बाबा, न जाण्यापेक्षा जाणं सोपं असेल. एकदाच काय ते होईल." मोठी झाली आहे.

गेलो. कुणीच काही बोललं नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट.

कोट आरशात पाहिला. एक माप नाही, दोन.

३० मार्च, सोमवार

मॅडमची बैठक. पंधरा मिनिटं, दार बंद. मला वाटलं होतं राजीनामा मागतील, म्हणून रात्री मनात एक बाणेदार राजीनामा तयार करून ठेवला होता. त्यांनी मागितलाच नाही. वाया गेला.

मॅडम म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते. पण चूक पकडायची सोय तुम्ही मुद्दाम काढून टाकलीत. फॉइलसकट." ती फॉइल त्यांना कशी कळली हे विचारायची हिंमत झाली नाही.

नवीन पॅनल: सहा रंग. जबाबदारी: कंट्रोलबाई. माझ्याकडे नमुन्यांची नोंद आणि रंगांची साठवण. म्हणजे मी आता रोज फ्रिजपर्यंत चालत जातो आणि ट्यूबना फॉइल गुंडाळतो.

२ एप्रिल, गुरुवार

कंट्रोलबाईचं पॅनल पाहिलं. जोडरंग त्यात आहेच, मला वाटलं होतं ती घाबरून काढून टाकेल. पण तो अशा खुणेवर लावलाय की तुटला तरी शांत पेशींच्या हिशेबात लुडबुड होणार नाही. शिवाय ताजं मिश्रण दर वेळी. आणि मेलेल्या पेशी ओळखणारा एक वेगळा रंग, कारण मेलेल्या पेशींना काहीही चिकटतं. माझ्या बारा रंगांत तो नव्हता. जिवंत-मेलेलं न बघताच मोजत होतो.

तिला म्हटलं, चांगलं झालंय. ती म्हणाली, "सर, तुम्ही तीन वर्षांपूर्वी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसंच केलंय."

हे मी शिकवलं होतं? वही काढून बघावी लागेल. नको.

९ एप्रिल, गुरुवार

पाच पेशंटचे आकडे: ६, ३, ५, ७, ५. सरळ रेष. या रेषेवर कुणी परिषदेत टाळ्या वाजवणार नाही. मॅडम मात्र आलेखाकडे बघून म्हणाल्या, हं, आता पटतंय.

पाचातल्या तापवाल्या पेशंटचा आकडा आज ३. डॉक्टरबाईंनी दुपारीच त्यांची गोळी वाढवली. माझ्या पॅनलमध्ये त्यांच्या शांत पेशी २४ टक्के होत्या आणि त्यांना मी सगळ्यात सुधारलेला पेशंट म्हटलं होतं. हे वाक्य लिहायला दहा मिनिटं लागली.

१६ एप्रिल, गुरुवार

वॉर्डात नमुना आणायला गेलो. तो माणूस रजेवर नव्हता, तरी गेलो. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "आज किती, मशीनवाले?"

म्हटलं, उद्या सांगतो. मोजल्याशिवाय नाही.

"हे बरं," म्हणाल्या. त्यांच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट आहे तसाच आहे. हातही तसेच.

संकल्प: कुठल्याही आकड्याबद्दल बोलण्याआधी एक रात्र थांबायचं. आज पाळला. एक दिवस झाला.

१७ एप्रिल, शुक्रवार

७ टक्के. कंट्रोलबाईने माझं रक्त पुन्हा लावलं, त्यात ५. म्हणजे ७ खरा असावा. एकाने वाढलाय. मी काहीही म्हटलं नाही. फोनवरून डॉक्टरबाईंना फक्त आकडा सांगितला, आणि बरोबर तुलनेच्या ट्यूबचाही. त्या म्हणाल्या, पुढचे दोन बघू.

लेसर पॉइंटर मांजरीला देऊन टाकला.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज दुसऱ्या लॅबमधले वीस-बावीस तंत्रज्ञ प्रशिक्षणाला आले होते. विषय: रंग कसे निवडावेत. शिकवणारी कंट्रोलबाई. मी मागच्या रांगेत, हजेरीची यादी घेऊन.

मधल्या भागात तिने एक आलेख पडद्यावर लावला. सहावरून सत्तावीसपर्यंत चढत गेलेली रेष. माझी. नाव काढून टाकलं होतं. तिने विचारलं, यात काय चुकलंय? अर्ध्या मिनिटात पुढच्या रांगेतल्या एका मुलीने सांगितलं, जोडरंग तुटलाय. सगळे हसले. मीही हसलो. थोडा जास्तच मोठ्याने, कारण शेजारचा वळून बघायला लागला.

मग कुणीतरी म्हणालं, इतकं सगळं एकदम कोण चुकवतं? म्हणजे कंट्रोल नाही, फ्रिज नाही, उन्हात रंग. मुद्दाम बनवलेलं उदाहरण असेल.

कंट्रोलबाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आमच्याकडेच घडलंय. आणि ज्यांच्याकडून घडलं, त्यांनी त्याच दिवशी वर जाऊन स्वतः सांगितलं."

मला वाटलं, आता उठावं. उठून म्हणावं, तो मी. घसा साफ केला, पाठ सरळ केली आणि हात चांगला खांद्याच्या वर नेला.

दारातल्या कॅन्टीनवाल्याने ते पाहिलं, मान हलवली, ट्रे घेऊन रांगेतून वाट काढत आला आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. साखर वेगळी हवी का, विचारलं.

नको म्हटलं. प्यायलो.